शेजारचा हजर

शाळेनं मोठ्या बाईंना निरोप दिला त्याला बरेच दिवस झाले होते, पण बाईंनी शाळेला निरोप दिलेला नव्हता. इमारतीच्या जिन्यात त्यांची चाहूल लागली की पळणारी पोरं चालायला लागत. दुकानात त्या शिरल्या की गिऱ्हाइकं आपोआप रांगेत उभी राहत. दुकानदार तर त्यांचाच विद्यार्थी, तो गल्ल्यामागे ताठ व्हायचा आणि हिशेब तोंडी सांगायचा. सगळे त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला ‘बाईंचे मिस्टर’. त्या गृहस्थांना स्वतःचं काही नाव असेल, असा संशयही कधी कुणाला आला नाही.

बाईंचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्म सगळा उंच इमारतींच्या पोटात गेला, अंधारात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात पाना. लोकांना वर पाठवायचं आणि आपण खाली उभं राहून आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. मुळात स्वभाव अबोल, आणि घरी बोलायला तसा वावही नव्हता. बाई एकदा बोलायला लागल्या की त्यांच्या दोन वाक्यांमधून सुईसुद्धा जायची नाही. मिस्टर ‘बरं’ म्हणायचे. ‘बरं’ हा त्यांचा होकार, नकार, कौतुक, तक्रार, सगळं काही होतं. कुठला ‘बरं’ कुठल्या अर्थाचा, हे ओळखण्याच्या भानगडीत बाई पडल्या नव्हत्या.

लेकीनं दोघांना सहलीची तिकिटं काढून दिली. मोठ्या शहरातून सकाळी निघायचं, तीन ठिकाणं बघायची, रात्री परत. “आई, बरोबर गाईड असतो,” लेक म्हणाली. “तू फक्त बसायचंस आणि बघायचंस. काही म्हणजे काही करायचं नाहीस.” लेक आईला ओळखून होती.

मिस्टरांनी सहलीचा कागद चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाले, “शेवटी दीपगृह आहे. वर चढून जाता येतं म्हणे. जिन्यानं.”

एवढंच. पण बाईंच्या कानाला ते खटकलं, कारण हा माणूस कधी काही मागायचा नाही. लग्नात रुसला नव्हता, दुखण्यात कण्हला नव्हता. आणि आता म्हणतो, वर चढून जाता येतं. बाईंनी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, यांना दीपगृह दाखवायचंच. आणि बाईंनी एकदा ठरवलं की मग ते देवाच्याही हातात राहत नसे.

सहलीच्या दिवशी गाईड समोर आला आणि बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. कोवळा तरुण, गळ्यात शिट्टी, हातात पिवळी छत्री, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल याची खात्री नाही. त्यानं माईक घेतला, दोन विनोद केले, त्यातल्या एकाला तो स्वतःच हसला. मग म्हणाला, “दीपगृहाचं फाटक सूर्यास्ताला बंद होतं, आणि मग तिथले लोक कुणाचं ऐकत नाहीत. तेव्हा प्लीज, प्रत्येक ठिकाणी वेळेवर बसमध्ये या. उशिरा येणाऱ्याला गाणं म्हणावं लागेल!”

“गाणं!” बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या. “ही काय शिक्षा झाली? लोक मुद्दाम उशिरा येतील.”

“बरं,” मिस्टर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पहिल्याच ठिकाणी, जुन्या राजवाड्यात, बाईंचं भाकीत खरं ठरलं. बघून झालं तरी माणसं परत येईनात. कुणी फोटोत, कुणी आईस्क्रीममध्ये. अखेर माणसं चढली, तर गाईड बसच्या मधल्या वाटेतून बोट दाखवत त्यांना मोजत होता. मध्येच कुणी काही विचारलं की आकडा विसरत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. बाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्यांच्यानं बघवेना. त्या उठल्या.

“दे तो माईक इकडे.”

गाईडनं दिला. न देऊन सांगतो कुणाला.

“ऐका सगळ्यांनी,” बाई म्हणाल्या, आणि बसमधली चुळबुळ थांबली. पुढच्या रांगेतल्या एका ठेकेदारानं तोंडातला घास चावायचासुद्धा थांबवला. “डोकी मोजायची नाहीत. डोकी हलतात. मी शाळेच्या एवढ्या सहली नेल्या, एक पोर हरवलं नाही. का? तर आमच्यात प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघायचं. मी रांगेवर बोट ठेवलं की स्वतःचं नाही सांगायचं, शेजाऱ्याचं सांगायचं. शेजारचा असेल तर म्हणायचं, ‘शेजारचा हजर’. नसेल तर गप्प बसायचं, मी समजेन. आणि आणखी एक. जो वेळेवर येणार नाही त्याच्यासाठी बस थांबणार नाही. एकासाठी सगळ्यांचा खोळंबा मला चालायचा नाही.”

बस कुणाची, सहल कुणाची, बाईंना काय चालतं आणि काय नाही याचा संबंध काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ‘शेजारचा हजर, शेजारचा हजर’ करत रांगा पटापटा उरकल्या. लोकांना मजा वाटली. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा हात वर केले. बाईंची स्वतःची रांग आली तेव्हा बाई पुढे उभ्या होत्या आणि मिस्टर समोर दिसत होते, तेव्हा तिथे काही विचारायचा प्रश्नच नव्हता. गाईडनं मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याचा भार हलका झाला होता. दारापाशी त्याची स्वतःची घडीची खुर्ची होती, ती उघडून तो म्हणाला, “बाई, तुम्ही इथेच बसा ना. तुम्हाला उठबस सोपी पडेल.”

बाईंनी मागे नवऱ्याला सांगितलं, “मी पुढे बसते हं. तुम्ही खिडकीशी बसा निवांत.”

“बरं.”

दुसरं ठिकाण तळ्याकाठची बाग. तिथे जेवण होतं, फुलं होती, हंसाच्या आकाराच्या होड्या होत्या. पण बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे सूर्य. त्यांनी नवऱ्याला होडीत बसू दिलं नाही, कारण होडीला रांग होती. फुलांच्या काचघरात शिरू दिलं नाही, कारण ते दुसऱ्या टोकाला होतं. मिस्टर तळ्याकाठी बदकं बघत उभे राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, “बदकं आपल्या घरामागेपण आहेत. चला.” सगळं कुणासाठी, तर त्यांच्याचसाठी. त्यांना वेळेवर त्या दीपगृहावर चढवायचं म्हणून बाई त्यांना दिवसभर कुठेही उभं राहू देत नव्हत्या.

बसपाशी पोचल्यावर बाईंच्या लक्षात आलं.

“अहो, पाण्याची बाटली राहिली. आपण जेवलो त्या बाकावर. पटकन घेऊन या. पटकन!”

मिस्टर वळले आणि निघाले. बाई बसमध्ये चढल्या.

आणि तेवढ्यात कळलं की नवं जोडपं आलेलं नाही. लग्न होऊन महिनाही झाला नसेल. सकाळपासून दोघं सगळ्यांच्या मागे रेंगाळत होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गाईडनं शिट्टी फुंकली. बाई दारात उभ्या राहून सूर्याकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. अखेर ती दोघं बागेच्या फाटकातून पळत आली. नवरी अनवाणी, तुटलेली चप्पल हातात, चेहरा लाल.

“चप्पल तुटली हो, म्हणून...”

“चप्पल तुटली तर पाय तुटतात का?” बाई माईकवरूनच म्हणाल्या. बस हसली. “एवढे लोक ताटकळलेत. ह्यात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाचा विचार करायची सवय लावून घ्या. संसार करायचाय ना?”

नवरीचे डोळे भरले. ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. ठेकेदार ओरडला, “गाणं, गाणं!” मग नवऱ्या मुलानं उभं राहून अर्धं गाणं म्हटलं, तेही बेसूर, आणि बस टाळ्या पिटत होती. त्या टाळ्यांच्या भरात बाईंनी भराभर रांगांवर बोट फिरवलं. शेजारचा हजर. शेजारचा हजर. शेजारची हजर. सगळ्या रांगा झाल्या. एक रांग त्यांची स्वतःची होती, आणि तिथे शेजारची म्हणजे त्या स्वतःच, ती विचारणार कोण आणि कुणाला?

“सगळे हजर!” बाईंनी उघड्या दारातून सूर्याकडे बघत खणखणीत सांगितलं. “चला!”

बस निघाली.

पुढचा वेळ बाईंच्या सबंध दिवसातला सुखाचा होता. रस्ता मोकळा होता, ड्रायव्हर मान डोलावत होता की पोचतो म्हणून. बाई खुर्चीत टेकल्या आणि नवऱ्याचाच विचार करत राहिल्या. जिना चढताना त्यांना धाप लागेल. मधे मधे थांबावं लागेल. वर वारा असेल, कोट घालायला सांगायला हवा. वरून समुद्र बघताना ते काय म्हणतील? ‘बरं’ म्हणतील. बाईंना हसू आलं. एवढा विचार त्या नवऱ्याचा करत होत्या, फक्त मान वळवून मागे बघत नव्हत्या.

नवरी बिस्किटांचा पुडा घेऊन बसभर वाटत आली. बोलणी खाल्लेल्या माणसाला सगळ्यांना काहीतरी द्यावंसं वाटतं, तसं तिचं झालं होतं. ती बाईंपाशी आली, पुडा पुढे केला आणि हळूच म्हणाली, “बाई, काका कुठे बसलेत? त्यांना द्यायचं होतं.”

“आहेत की. खिडकीशी.”

“तिथे नुसता कोट आहे.”

बाई उठल्या. बस वळणावर होती, त्यांनी दांडा धरला. त्यांच्या रांगेत खिडकीशी खरोखर नुसता कोट होता. बाह्या पसरलेला. आणि त्याच क्षणी त्यांना आठवलं ते स्वतःचंच वाक्य. पटकन घेऊन या. पटकन!

“थांबवा,” त्या म्हणाल्या. बसभर घुमणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. “थांबवा हो. आमचे हे... हे मागे राहिले.”

आधी कुणाला कळलंच नाही. कळल्यावर शेवटच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. ते गप्प करणं हसण्यापेक्षा जास्त लागलं.

“फोन लावा ना त्यांना,” गाईड म्हणाला.

बाईंनी नंबर लावला. बाईंच्याच पर्समध्ये फोन वाजू लागला. मिस्टर विसरतात म्हणून त्यांचा फोन त्याच ठेवायच्या. पर्स मांडीवर वाजत राहिली, बंद करायचं बटण काही सापडेना.

“काखेत कळसा,” ठेकेदार पुटपुटला, आणि गावाला वळसा त्यानं गिळला.

“हरकत नाही, बागेच्या फाटकावर माझ्या ओळखीचे आहेत,” गाईड म्हणाला. “त्यांना सांगतो लक्ष ठेवायला. काकांनी कपडे कुठले घातलेत?”

बाई आठवायला लागल्या. पांढरा सदरा? पांढरा कालचा. की चौकटीचा? सकाळी डबा, औषधं, बाटली, छत्री, तिकिटं सगळं बघितलं होतं, त्यातलं एकूण एक त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. माणूस दिसत नव्हता. शाळेत एखादं पोर क्षणभर दिसेनासं झालं तर त्याच्या रिबिनीचा रंग त्यांना सांगता यायचा.

“फिकट निळा शर्ट,” नवरी म्हणाली. “बाह्या दुमडलेल्या. आणि खिशाला पेन आहे. राजवाड्यात त्यांनी आमचा फोटो काढला ना, तेव्हा बघितलं मी.”

पृथ्वी दुभंगली असती तर बाई तिथल्या तिथे आत शिरल्या असत्या, पण बसच्या फरशीला रबर होतं आणि त्यावर बिस्किटाचा चुरा सांडला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मान वर करायची लाज वाटत होती. चिडून ओरडावं तर ओरडणार कुणावर?

आता मागे वळायचं तर दीपगृह गेलं. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. ठेकेदाराच्या दोन्ही मुली सकाळपासून ‘दीपगृह कधी, दीपगृह कधी’ करत होत्या. ठेकेदार माणूस वाईट नव्हता. त्यानं घसा साफ केला.

“असं करू या का, काकांना तिथून टॅक्सी करून देऊ. फाटकावरचे लोक बसवून देतील. म्हणजे... मास्तरीणबाई, राग मानू नका, पण सकाळी तुम्हीच म्हणालात. एकासाठी सगळ्यांचा खोळंबा नको.”

म्हणाल्या होत्याच. शब्दन् शब्द तसाच. आणि हा एक आपला आहे म्हणून नियम वेगळा, असं म्हणायचं धाडस बाईंना झालं नाही. अनवाणी नवरी पुड्यासकट समोर उभी होती. तिच्याकडे तर बघवेना.

ड्रायव्हरनं दिवसभरात तोंड उघडलं नव्हतं. त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, आरशात बघितलं आणि चाक फिरवायला लागला. “मी वळवतोय,” तो म्हणाला. “कुणाला उतरायचं असेल तर उतरा.”

कुणी उतरलं नाही.

बाई आपल्या जागेवर, कोटाशेजारी येऊन बसल्या. राजवाड्यानंतर पहिल्यांदाच. तिथून पुढची घडीची खुर्ची अगदी सरळ समोर दिसत होती. म्हणजे दिवसभर हे इथून बघत होते, बाईंच्या लक्षात आलं. माझा अंबाडा, माझी पाठ, माझ्या हातातला माईक. माझे सगळे विनोद ऐकले असतील. आणि मी एकदाही वळले नाही. त्यांनी कोटाची बाही सरळ केली, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेजारून कुणी पाणी पुढे केलं, त्यांनी नको म्हटलं. गाईड फाटकावर फोन लावत होता, तिकडून कुणी उचलत नव्हतं. ते रस्त्यावर निघाले असतील तर? चक्कर आली असेल तर? भेदरून इकडेतिकडे धावत असतील, लोकांना विचारत असतील की अहो, माझी बस बघितली का? हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि बाईंनी पदर तोंडात धरला.

बागेचं फाटक आलं. मिस्टर धावत नव्हते. तिकीटखिडकीशेजारच्या बुटक्या कठड्यावर बसले होते, हातात चहाचा पेला, पाय खाली सोडलेले, जरासे झुलत. समोर झाडू टेकून एक झाडूवाली उभी होती आणि ते तिला हातवारे करून काहीतरी सांगत होते. ती हसत होती. तेही हसत होते, मान मागे टाकून, अगदी दात दिसेपर्यंत. बाईंना क्षणभर वाटलं हे ते नव्हेतच. मग बस दिसली आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पेला खाली ठेवला, कठड्यावरून उतरले, शर्ट मागून झटकला आणि नेहमीचा चेहरा करून उभे राहिले.

दार उघडलं. बाई पायरीवरच होत्या.

“एवढ्यात आलात?” मिस्टर म्हणाले.

बसमध्ये हशा पिकला. सगळ्यांना तो टोमणा वाटला, बाईंनाही. मिस्टर वर चढले, पाण्याची बाटली बाईंच्या हातात दिली. “ही घे. बाकाखाली पडली होती, म्हणून वेळ लागला.” मग सगळ्या बसकडे वळून त्यांनी हात जोडले. “माफ करा हं. माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचा खोळंबा झाला.”

नाही नाही काका, असं काय, होतं असं, असा गलका झाला. बाई तिथेच उभ्या होत्या. आता बोलायला हवं होतं. चूक यांची नाही, मीच पाठवलं आणि मीच सोडून गेले, एवढं एक वाक्य. माईक हाताशी होता. सबंध बस त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, “बसा, सगळे आपापल्या जागेवर बसा.”

लोक बसले. बाईंनी माईक गाईडला परत दिला. आयुष्यात हजारो पोरांना भर वर्गात उभं करून ‘चुकलं म्हण’ असं म्हणायला लावलं होतं आणि पोरं म्हणायचीही. किती कठीण गोष्ट आपण त्या चिमुरड्यांकडून करून घेत होतो, हे त्यांना आज कळलं.

दीपगृहापाशी पोचेपर्यंत फाटक बंद झालं होतं. गाईड खाली उतरून विनवणी करून आला आणि मान हलवली. मुलांच्या समाधानासाठी ड्रायव्हरनं बस थोडी पुढे नेऊन उभी केली. लांबून तो उंच पांढरा खांब दिसत होता. ठेकेदाराची धाकटी मुलगी रडत होती, मोठी तिला समजावत होती. मिस्टर खिडकीला कपाळ टेकून बघत राहिले, बस वळेपर्यंत आणि वळल्यावर मान वळवूनसुद्धा. ‘बरं’सुद्धा म्हणाले नाहीत.

परतीच्या रस्त्यावर दिवे मालवले, लोक पेंगू लागले. घडीची खुर्ची गाईडनं परत घेतली होती. बाई नवऱ्याशेजारी बसल्या होत्या.

“तुम्ही हाक का नाही मारलीत?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. “बस दिसलीच असेल ना सुटताना?”

“दिसली की. मी फाटकातून बाहेरच येत होतो. हात वर केला होता.”

“मग?”

“मग तुझा आवाज आला. सगळे हजर.” मिस्टर बाईंकडे वळले. “तुझं मोजणं कधी चुकलेलं मी बघितलं नाही. म्हटलं, मग मी आतच असेन कुठेतरी.”

ते विनोद करत होते की नाही, अंधारात कळेना. बाईंना हसताही येईना आणि रडताही.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि बाटलीचं झाकण उघडून परत लावलं. “चुकलं माझं.”

“असू दे गं.”

“असू दे काय? राग आला असेल तुम्हाला. येऊ दे ना राग! बोला मला काहीतरी.”

मिस्टर खरोखर विचार करू लागले. हे असंच होतं त्यांचं, काही विचारलं तर खरं उत्तर शोधायचे. म्हणून बाई फारसं काही विचारत नसत.

“राग नाही आला,” ते म्हणाले. “आधी घाबरलो जरा. मग त्या कठड्यावर बसलो. चहा घेतला, साखर घालून. ती झाडूवाली विचारत होती काय काम करायचात, तिला लिफ्टमध्ये अडकलेल्या वरातीची गोष्ट सांगितली. तुला माहीत आहे ना ती?”

बाईंना माहीत नव्हती.

“कठड्यावर बसायच्या आधी परत तळ्यावर गेलो, बदकं बघितली. काचघरात पण जाऊन आलो. बरं वाटलं गं. खरंच बरं वाटलं. बस वळताना दिसली तेव्हा वाटलं, अरे, एवढ्यात आली?”

म्हणजे तो टोमणा नव्हता. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. नवऱ्याला आपण विसरून गेलो याची लाज दुपारपासून वाटतच होती, पण तिला निदान नाव होतं. त्याबद्दल माफी मागता येत होती, लोकांनी बोल लावले तर ऐकून घेता येत होते. आपल्यापासून सुटून या माणसाला घटकाभर बरं वाटलं, याची माफी कशी मागायची?

बस शहरात शिरली. दिवे आत येऊन जाऊ लागले. मिस्टर काहीतरी बोलण्याच्या तयारीत होते. त्यांनी दोनदा घसा साफ केला, शर्टाचं बटण चाचपलं.

“मी म्हणत होतो,” ते म्हणाले, “पुढच्या रविवारी ते दीपगृह बघून यावं. साधी बस जाते तिकडे, मी त्या झाडूवालीला विचारलं. तू दमली असशील, तू नको येऊस. मी एकटाच जाऊन येतो.” आणि मग खालच्या आवाजात, “जाऊ?”

बाईंनी तो सूर ओळखला. वर्गातली पोरं करंगळी वर करून ज्या सुरात विचारतात तो. हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, परवानगी देणाऱ्या बाईच. केस पांढरे झालेला हा माणूस शेजारी बसून, श्वास धरून, बाईंच्या तोंडाकडे बघत होता.

“असं मला काय विचारता?” बाई कशाबशा म्हणाल्या. “तुम्हाला जायचंय ना? मग मला कशाला विचारायचं?”

मिस्टर गोंधळले. त्यांना खरोखरच कळलं नाही.

“मग कुणाला विचारू?” ते म्हणाले.